आधी छत, मग चाकं, सुतार सर्वांत शेवटी

वाचकांचे प्रश्न : जुन्या गाडीचं फिरतं घर

सोयाबीन घरात आलं, कपाशीची वेचणी सुरू आहे आणि तुरीच्या सोंगणीला अजून वेळ आहे. कोठ्यामागे वर्षानुवर्षं उभ्या असलेल्या जुन्या ट्रॅव्हलरची, मॅटाडोरची आठवण गावोगावी याच दिवसांत होते. या खेपेला आलेल्या बहुतेक पत्रांत पहिला प्रश्न पलंगाचा आणि ओट्याचा आहे. आम्ही उत्तरं मात्र कागदपत्रं, इंजिन आणि छतापासून सुरू केली आहेत. आपल्याकडे विदर्भात कोरड्या हिवाळ्यात पाऊस पडत नाही, म्हणून गळकी गाडीही धडधाकट वाटते. आत हजारोंचं प्लाय बसतं आणि फेब्रुवारीच्या अवकाळीत किंवा मृगात ते सगळं फुगतं. हिवाळा कामाला उत्तम आहे, पण त्याच्या कोरडेपणावर भरवसा ठेवू नका.

गावातल्या शाळेची बंद पडलेली १३ आसनी ट्रॅव्हलर स्वस्तात मिळते आहे. घेऊन तिचं फिरतं घर करायचं आहे. कागदपत्रांचं काय पाहावं?
– वाचक, तालुका आर्वी

पैसे देण्याआधी आरसीवरचा (नोंदणी प्रमाणपत्रावरचा) चासी नंबर गाडीवर ठोकलेल्या नंबराशी स्वतः ताडून पाहा. गंजावर तारेचा ब्रश मारून, वर खडू घासला की आकडे उठून दिसतात. मग शेवटचं पासिंग कधीपर्यंत होतं, कर थकला आहे का, बँकेचा बोजा नोंदलेला आहे का, हे पाहा. बोजा असेल तर तो उतरवण्याचा फॉर्म ३५ आणि बँकेचं पत्र मिळाल्याशिवाय व्यवहार करू नका.

शाळेची गाडी पिवळ्या पाटीची असते. ती खासगी करणं हे एक काम आणि आतली आसनं काढून घर करणं हे दुसरं. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे आरसीवरच्या नोंदीशी न जुळणारा बदल मालकाला परस्पर करता येत नाही. आसनसंख्या आणि रिकाम्या गाडीचं वजन या दोन्ही नोंदी तुमच्या कामात बदलणार आहेत. म्हणून आतला आराखडा कागदावर मापासह काढा, त्यात पलंग, ओटा, टाकी आणि राहणारी आसनं दाखवा, आणि आरटीओकडे अर्ज देऊन पोच घ्या. तुमचं कार्यालय वर्ध्याचं, एमएच-३२. मंजुरी मिळेपर्यंत आसनं काढू नका आणि विकूही नका. विमा कंपनीलाही बदल लेखी कळवा, नाहीतर दाव्याच्या वेळी तोच मुद्दा आडवा येईल.

जुनी ट्रॅव्हलर सहा वर्षांपासून उभी आहे. नवी बॅटरी लावून स्टार्टर मारून पाहू का?
– वाचक, तालुका मोर्शी

नको. सहा वर्षांत सिलेंडरच्या भिंतीवरचं तेल उतरलेलं असतं, रिंगा गंजाने धरलेल्या असू शकतात. एकदम स्टार्टर मारला तर रिंग तुटते किंवा भिंतीवर ओरखडा पडतो. मग एका दिवसाच्या कामाच्या जागी इंजिन खोलावं लागतं.

पहिल्यांदा एअर क्लिनर उघडा. त्यात उंदराचं घरटं असण्याची शक्यता फार. तिथून डॅशबोर्डाखालपर्यंत वायरी कुरतडल्या आहेत का पाहा. उघडी तांब्याची तार दिसली तर बॅटरी जोडूच नका. जुनं इंजिन ऑइल पूर्ण काढा, फिल्टर बदला, डिपस्टिकच्या वरच्या खुणेपर्यंत १५डब्ल्यू-४० ग्रेडचं डिझेल इंजिन ऑइल भरा. थंड इंजिन सुरू होताना आतली हवा तापवणारे चारही हीटर प्लग काढा आणि प्रत्येक भोकातून एक चहाचा चमचा इंजिन ऑइल सोडा. त्याहून जास्त नको. द्रव दबत नाही, त्यामुळे जास्त तेल साचलं आणि प्लग लावून इंजिन फिरवलं तर कनेक्टिंग रॉड वाकतो.

एक रात्र तसंच राहू द्या. दुसऱ्या दिवशी गाडी न्यूट्रल करा, चाकांना दगड लावा आणि पुढच्या क्रँक पुलीच्या नटाला पाना लावून इंजिन हाताने, फिरण्याच्या दिशेनेच फिरवा. दोन पूर्ण फेरे मोकळे झाले की ठीक. अडलं तर पान्यावर पाइप चढवून जोर करू नका; डिझेल आणि इंजिन ऑइल निम्मंनिम्म करून पुन्हा चमचाभर सोडा आणि दोन दिवस थांबा. मोकळं झाल्यावर प्लगच्या भोकांवर फडकं टाकून दहा सेकंद स्टार्टर मारा. साचलेलं तेल फडक्यात उडून येईल. प्लग त्यानंतर बसवा.

टाकीतलं जुनं डिझेल वापरू नका. त्याच्या तळाशी पाणी आणि काळा चिकट गाळ असतो, तो फिल्टरमधून पंपापर्यंत गेला तर खर्च मोठा. टाकी उतरवून धुवा. टाकी गळत असेल तर रिकाम्या टाकीलाही वेल्डिंग लावू नका. आतल्या वाफेचा स्फोट होतो. टाकी बदला. नवं डिझेल भरल्यावर इंजिनावरच्या डिझेलच्या हातपंपाने फिल्टरमधली हवा काढा, मग इंजेक्टरच्या नळ्यांचे नट अर्धा फेरा सैल करून स्टार्टर मारा. बुडबुडे थांबून नुसतं डिझेल आलं की नट आवळा. या नळ्यांजवळ हात धरू नका, दाबाखालचं डिझेल कातडीत घुसतं.

थंडीत सकाळी इंजिन पांढरा धूर सोडतं आणि धरत नाही, ही तक्रार बहुधा हीटर प्लगची असते. मल्टिमीटरने प्रत्येक प्लग वेगळा तपासा: चांगला प्लग एक ओहमच्या आसपास किंवा कमी दाखवतो, जळालेला काहीच दाखवत नाही. काही जुन्या इंजिनांत तारेचे प्लग एकामागे एक जोडलेले असतात. त्यांच्यात एक जळाला की चारही बंद पडतात, म्हणून एकाच प्लगचा दोष संपूर्ण इंजिनाचा वाटतो.

पहिल्यांदा सुरू करताना एक जण इंजिन बंद करण्याच्या स्टॉपच्या दोरीपाशी आणि दुसरा हवेच्या तोंडापाशी सपाट लाकडी फळी घेऊन उभा असू द्या. डिझेलचं प्रमाण ठरवणारा पंपाचा दांडा, म्हणजे रॅक, अडकला तर इंजिन आपोआप वेग घेत सुटतं आणि चावी काढूनही थांबत नाही. तेव्हा हवेचं तोंड फळीने दाबून बंद करायचं, हाताने नाही. रेडिएटरमध्ये विहिरीचं पाणी घालू नका. अकोला, अमरावती, बुलढाण्याच्या खारपाणपट्ट्यातलं तर अजिबात नको. कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मंनिम्म घाला.

छत वरून चांगलं दिसतं. आतल्या कापडावर तपकिरी डाग आहेत. वरून डांबर मारलं तर चालेल का?
– वाचक, तालुका वरुड

डांबर मारल्यावर पाणी कुठून शिरतं ते कायमचं झाकलं जाईल आणि डांबराखाली पत्रा सडत राहील. डाग दाखवतो ती पाणी थांबण्याची जागा. शिरण्याची जागा कधी कधी तिथून चार फूट लांब असते, कारण पाणी छताच्या आडव्या पट्ट्यांवरून वाहत जातं आणि जिथे पट्टी वाकते तिथे टपकतं.

आतलं सगळं कापड आणि हार्डबोर्ड उतरवा. अर्धवट उतरवलं तर शोध लागत नाही. आतून सगळ्या सांध्यांवर, रिव्हेटांवर आणि खिडक्यांच्या रबराखाली टाल्कम पावडर किंवा कोरडा चुना भुरभुरा. मग एक जण आत टॉर्च घेऊन बसेल आणि दुसरा बाहेरून साध्या नळीने पाणी सोडेल. वॉशिंग सेंटरचा जोराचा फवारा नको, तो पावसातही न गळणाऱ्या जागेतून पाणी आत ढकलतो. पाणी खालून वर न्यायचं. आधी खिडक्यांच्या खालच्या कडा दहा मिनिटं, मग वरच्या कडा, मग पाणनळी म्हणजे छताच्या कडेची पन्हाळी, आणि शेवटी छत. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडे ओघळतं आणि कोणता सांधा दोषी आहे ते कळत नाही. पावडरीत ओली रेघ उमटली की त्या जागी बाहेरून खडूने खूण करा.

शाळेच्या गाड्यांत गळती बहुतेक तीन जागी मिळते: कॅरियरचे पाय जिथे बोल्टने बसवले आहेत तिथे, पन्हाळीच्या सांध्यात, आणि पुढच्या काचेच्या रबराखाली. काचेचं रबर नखाने दाबून पाहा. खाच उठून तशीच राहिली तर रबर मेलं आहे. ते बदलताना खालची पत्र्याची ओठी गंजलेली निघते, ती दुरुस्त केल्याशिवाय नवं रबर बसवू नका. कॅरियर लागणार नसेल तर काढून टाका आणि भोकं पत्र्याने बंद करा. कॅरियर नसलेलं छत निम्म्या कटकटीतून सुटतं.

मागच्या मालकांनी मारलेले थर – डांबर, एम-सील, सिलिकॉन – पूर्ण खरवडून काढा. सिलिकॉनचा पातळ थर राहिला तरी त्यावर रंगही धरत नाही आणि नवा सीलंटही. पात्याने खरवडा, थिनरने पुसा, मग तारेच्या कपाने पत्रा चकाकेपर्यंत घासा. सुईएवढी भोकं सीलंटने भरतात. बोट जाईल एवढं भोक असेल तर तिथे ठिगळ हवं. उघड्या पत्र्यावर त्याच दिवशी दोन भागांचा इपॉक्सी प्रायमर मारा, त्यावर पीयू (पॉलियुरेथेन) सीलंटची सहा मिलिमीटरची सलग धार, आणि ती बोटाने दोन्ही बाजूंना दाबून घ्या. सिलिकॉन वापरू नका, त्यावर पुढे रंग बसणार नाही.

इथे आपल्या हवेची एक अडचण आहे. पीयू सीलंट हवेतल्या ओलाव्याने घट्ट होतो. बऱ्या हवेत तो दिवसाला दोन-तीन मिलिमीटर आत धरतो, पण डिसेंबरच्या कोरड्या दुपारी आणि थंड रात्री हा वेग बराच घटतो. वरून साय धरली म्हणून आत पक्का झाला असं समजू नका. साय धरल्यावर रोज संध्याकाळी आसपास पाण्याचा बारीक फवारा मारा आणि आठवडाभर त्याला हात लावू नका. मग पुन्हा पावडर आणि नळी, या वेळी सलग एक तास. यात छत कोरडं निघाल्याशिवाय प्लायचा एक तुकडाही आत नेऊ नका.

आतला रबरी मॅट काढला तर खालचं लाकूड कुजलेलं आणि पत्रा जाळीसारखा. वेल्डिंगवाला म्हणतो, वरून एक चादर टाकून देतो.
– वाचक, तालुका दारव्हा

वरून चादर टाकली तर खालचा गंज तसाच राहतो आणि दोन पत्र्यांच्या मधे पाणी साचायला नवी जागा होते. सडलेला भाग कापून काढावाच लागतो.

आधी गाडी खालून धुवा. आपली काळी माती चासीच्या कोपऱ्यांत ठासून बसते आणि महिनोन्‌महिने ओल धरून ठेवते. गंज बहुधा तिच्याखाली सापडतो. वाळल्यावर स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने ठोकत जा. निरोगी पत्रा खणखणतो, सडलेला बद्द वाजतो. शंका आली तिथे टोक दाबून पाहा. चाकांच्या कमानी, पायरी आणि दाराखालची पेटी सोडू नका. चासीचं चॅनल स्वतः पोकळ निघालं, टोक आत घुसलं, तर ही गाडी सोडा. त्यावर ठिगळ लावून माणसं झोपवू नयेत.

सडलेल्या जागेच्या चहूबाजूंनी एक इंच चांगल्या पत्र्यापर्यंत कापा. ठिगळ १८ गेजचं, म्हणजे साधारण १.२ मिलिमीटर, आणि कोपरे गोल करा. काटकोनी कोपऱ्यातून पुढे चीर जाते. शेतीच्या अवजारांना लागणारा ३.१५ मिलिमीटरचा वेल्डिंग रॉड या पत्र्याला भोकं पाडतो. तारेने वेल्डिंग करणारं मिग मशीन मिळालं तर तेच घ्या, नाहीतर २ मिलिमीटरचा रॉड आणि कमी करंट. सलग शिवण घालू नका. इंचभर इथे, इंचभर समोरच्या बाजूला, असं फिरत जा, नाहीतर उष्णतेने पत्रा लाटा धरतो. वेल्डिंगआधी बॅटरी सोडवा, अल्टरनेटरचा प्लग काढा, डिझेलची टाकी उतरवून लांब ठेवा.

आणि जागा बदला. कोठ्याजवळ कुटार असतं, घरात वेचलेला कापूस असतो, मागे पऱ्हाटीचा ढीग असतो. ठिणगी कापसात शिरली तर तासाभराने पेट घेते. यांच्यापासून निदान तीस फूट लांब, साफ केलेल्या जमिनीवर काम करा, पाण्याचा ड्रम भरून ठेवा, आणि काम संपल्यावर अर्ध्या तासाने गाडीखाली आणि आजूबाजूला पुन्हा हात फिरवून पाहा. जमीन काळी असेल तर जॅकखाली दोन इंच जाड बाभळीची फळी ठेवा, वरून भेगाळलेली दिसली तरी ती वजनाखाली दबते. नुसत्या जॅकवर गाडीखाली कधीही शिरू नका, लोखंडी घोड्या (टेकू) हव्यातच.

वेल्ड घासून त्यावर प्रायमर, मग सांध्यात सीलंट, मग खालून रबरी कोटिंग, हा क्रम ठेवा. कोटिंग मारताना पाणी निघायची मूळ भोकं बुजवू नका.

रंग मारला तर वर दुधाळ झाक आली. रंग खराब निघाला का?
– वाचक, तालुका काटोल

वेळ चुकली असावी. थिनर उडताना पत्रा थंड होतो. संध्याकाळच्या हवेत पत्रा दवाच्या तापमानाखाली गेला की ओल रंगात अडकते आणि तो पांढुरका दिसतो. हिवाळ्यात रंगाचं काम सकाळी अकराला, पत्रा हाताला कोमट लागल्यावर सुरू करा आणि दोनपर्यंत आटपा. इपॉक्सी प्रायमर दहा अंशांखाली नीट धरत नाही, आणि जानेवारीतल्या आपल्या कित्येक रात्री तेवढ्या उतरतात. शेजारी तुरीची किंवा सोयाबीनची मळणी चालू असेल त्या दिवशी रंग मारूच नका. जमिनीवर आधी पाणी शिंपडा. छताला पांढराच रंग द्या, एप्रिल-मेच्या ४५ अंशांत त्याचा फरक आत बसल्यावर कळतो.

गाडी चालू झाली, पण ब्रेक दाबून सोडल्यावर मागची दोन्ही चाकं धरून बसतात.
– वाचक, तालुका मूर्तिजापूर

आधी हँडब्रेक पूर्ण सोडून त्याची केबल सैल करा. गंजलेली केबल परत येत नाही आणि दोन्ही चाकं धरते. तरीही चाकं मोकळी झाली नाहीत तर मागचा भाग घोड्यांवर घ्या, ब्रेक दाबून सोडा, आणि एका चाकाचा ब्लीडिंग निपल (ब्रेकमधली हवा काढायचा) सैल करा. तेल पिचकारीसारखं उडून चाक मोकळं झालं, तर दाब आत अडकला होता. निपल सोडूनही चाक धरलेलंच राहिलं, तर दोष ड्रममध्ये आहे: सिलेंडरचा पिस्टन गंजला किंवा शू अडकला.

दाब अडकत असेल तर पुढची पायरी. निपल आवळा, पुन्हा ब्रेक दाबून सोडा, आणि मागच्या एक्सलकडे जाणाऱ्या रबरी नळीच्या इंजिनकडच्या बाजूचा जोड सैल करा. तिथे चाकं मोकळी झाली तर मास्टर सिलेंडर पाहा. तिथे झाली नाहीत आणि निपलवर होतात, तर ती रबरी नळी आतून फुगली आहे. दाबलेलं तेल पुढे जातं, पण परत येताना वाट मिळत नाही. बाहेरून अशी नळी नवीन दिसते. सहा-सात वर्षं उभ्या राहिलेल्या गाडीच्या सगळ्या रबरी नळ्या न तपासता बदला, एवढा खर्च जिवापुढे काही नाही.

व्हील सिलेंडरचं रबर किट बदलताना आतली भिंत बोटाने चाचपा. खळगे लागले तर किट घालून उपयोग नाही, सिलेंडरच नवा घ्या. ब्रेकच्या रबराला डिझेल, पेट्रोल किंवा ग्रीस लावू नका, रबर फुगतं. धुवायला ब्रेक ऑइलच वापरा. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढतं, म्हणून उघड्या डब्यातलं जुनं तेल टाकून द्या. हवा काढताना मास्टर सिलेंडरपासून सर्वांत लांबच्या चाकापासून सुरुवात: मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं.

टायरच्या बाजूवर चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३ वा आठवडा. सहा-सात वर्षांच्या वरचा टायर नक्षी पूर्ण असली तरी काढा. उभ्या गाडीच्या टायरला बाजूने बारीक चिरा पडतात आणि भर उन्हात समृद्धीसारख्या वेगाच्या रस्त्यावर तो फुटतो.

घरची १५० एएचची इन्व्हर्टर बॅटरी गाडीत वापरायची आहे. सोलर किती वॅटचं घ्यावं? २.५ स्क्वेअर एमएम वायर पडून आहे, ती चालेल का?
– वाचक, तालुका हिंगणघाट

आधी खर्च मोजा. पाच वॅटचे दोन दिवे चार तास म्हणजे ४० वॅट-तास. २८ वॅटचा कमी वीज खाणारा बीएलडीसी पंखा आठ तास, २२४. मोबाइल ३०. पाण्याचा ६० वॅटचा पंप रोज पाव तास, १५. बेरीज ३०९. तुमच्या बॅटरीत १२ गुणिले १५० म्हणजे १८०० वॅट-तास आहेत, पण शिशाची बॅटरी निम्म्याच्या खाली उतरवली की तिचं आयुष्य झपाट्याने कमी होतं. म्हणून ९०० धरा, सूर्य न दिसता जवळपास तीन दिवस निघतात. १५० वॅटचं पॅनल साडेचार तासांच्या चांगल्या उन्हात, तीस टक्के घट धरून, साधारण ४७० वॅट-तास देतं. तुम्हाला पुरेसं आहे. फ्रीज हवा असेल तर हे गणित दुपटीच्या पुढे जातं, तेव्हा पॅनल ३०० वॅटच्या वर घ्या.

बॅटरी जुनी असेल तर आधी तिची खरी ताकद तपासून घ्या. ती पन्नास किलोच्या वर जाते, म्हणून पट्ट्याने जमिनीला बांधा आणि तिच्या खोक्यातून एक नळी बाहेर काढा. चार्ज होताना हायड्रोजन निघतो. इंजिनच्या बॅटरीशी ती थेट जोडून ठेवू नका, नाहीतर रात्रभर पंखा चालला की सकाळी गाडी सुरू होणार नाही. जोडताना सोलरच्या चार्ज कंट्रोलरला आधी बॅटरी, मग पॅनल, सोडवताना उलट.

२.५ ची वायर दिव्यांना चालेल, मुख्य लाइनला नाही. बारा व्होल्टवर २० अँपिअर चार मीटर लांब न्यायचे असतील तर जाण्यायेण्याचे आठ मीटर धरून २.५ च्या तांब्याच्या वायरमध्ये सुमारे १.२ व्होल्ट वाटेतच जातात, म्हणजे दहा टक्के. तीच लाइन ६ स्क्वेअर एमएमने ओढली तर अर्धा व्होल्ट जातो. पंप घरघरतो पण पाणी फेकत नाही, अशा तक्रारीचं मूळ बहुधा इथे असतं. बॅटरीच्या प्लसपासून वीतभर अंतरात २५ अँपिअरचा फ्यूज लावा. लांब लावला तर मधली वायर उघडीच राहते आणि ती पत्र्याला घासली की आग लागते. मायनससाठी पत्र्यावर विसंबू नका, वेगळी वायर ओढा. गंजलेल्या सांध्यातून करंट कधी जातो, कधी नाही. पत्र्यातून जाणाऱ्या प्रत्येक भोकाला रबरी ग्रोमेट हवंच.

सुतार १९ एमएमचं प्लाय सुचवतो. उष्णतेसाठी भिंतीत थर्मोकोल भरू का?
– वाचक, तालुका दर्यापूर

१८-१९ मिलिमीटरची आठ बाय चारची एक शीट ३२ ते ३५ किलो भरते. अशा आठ शीट लावल्या तर पाव टनाच्या वर वजन नुसत्या लाकडाचं. पलंगाच्या आधाराला १२ आणि दारं-कप्प्यांना ९ मिलिमीटर पुरतं. ओट्याखाली आणि टाकीजवळ आयएस ७१० या भारतीय मानकाचं मरीन प्लाय घ्या, बाकी आयएस ३०३ चं बीडब्ल्यूआर, म्हणजे उकळत्या पाण्याला टिकणारं, चालतं. कापलेल्या प्रत्येक कडेला दोन हात प्रायमर, पाणी कडेतूनच शिरतं.

पत्र्यात थेट स्क्रू मारून कपाट बसवू देऊ नका. खड्ड्यांच्या रस्त्यावर १.२ मिलिमीटरच्या पत्र्यातला स्क्रू महिन्याभरात भोक मोठं करतो. गाडीच्या उभ्या फासळ्यांना रिव्हेट-नट बसवा, त्यात एल-पट्टी आणि बोल्ट, आरपार बोल्टांना हादऱ्याने सैल न होणारे नायलॉक नट.

थर्मोकोल नको. पीव्हीसीच्या वायरीला तो चिकटून राहिला तर वायरीचं आवरण कडक होऊन तडकतं, आणि आग लागली तर तो पेटत टपकतो. ग्लासवूलही नको, गळलेलं पाणी तो धरून ठेवतो. दहा मिलिमीटरचा एक्सएलपीई (क्रॉसलिंक्ड पॉलिइथिलीन) फोम पत्र्याला पूर्ण चिकटवा, मधे पोकळी ठेवू नका, आणि खर्च मर्यादित असेल तर आधी छताला लावा.

सामान बसलं, टाकी भरली की गाडी जिनिंगच्या किंवा बाजार समितीच्या काट्यावर न्या. आधी पूर्ण गाडी, मग फक्त पुढची चाकं काट्यावर, मग फक्त मागची. १३ माणसं ६५ किलोंनी ८४५ किलो होतात. पाणी, बॅटरी, फर्निचर, माणसं आणि सामान मिळून त्याच्या आतच राहायला हवं. शंभर लिटर पाणी म्हणजे शंभर किलो, म्हणून ६० लिटरची टाकी पुरे. ती मागच्या एक्सलच्या पुढे आणि मधोमध बसवा. एका बाजूला ठेवली तर त्या बाजूचे स्प्रिंगचे पाटे बसतात.

थंडीत रात्री आत कोळशाची शेगडी ठेवली तर? खिडकी थोडी उघडी ठेवू.
– वाचक, तालुका चिखलदरा

ठेवू नका, खिडकी उघडी असली तरी. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, झोपलेल्या माणसाला जाग येत नाही. जाड रजई आणि अंगाखाली सतरंजी-गादीचा दुहेरी थर घ्या, थंडी खालूनच जास्त लागते. सिलेंडर असेल तर वेगळ्या बंद कप्प्यात, आणि कप्प्याच्या तळाला थेट बाहेर उघडणारं भोक ठेवा. एलपीजी हवेपेक्षा जड असल्यामुळे गळलेला गॅस खाली बसतो. झोपताना रेग्युलेटर बंद करा. काचा सकाळी आतून ओल्या दिसल्या तर ती श्वासाची वाफ आहे, गळती नाही. समोरासमोरच्या दोन खिडक्या दोन बोटं उघड्या ठेवा आणि गादीखाली फळ्यांमधे फटी सोडा, नाहीतर महिन्याभरात गादीच्या खालच्या बाजूला बुरशी धरते.